गाडी आली की गोळी

आलापल्लीत मला भाड्याची खोली मिळाली ती माझ्या नोकरीमुळे नव्हे आणि स्वभावामुळे तर नव्हेच. मी योग्य गाडीने आले म्हणून मिळाली. मुलचेऱ्याच्या रस्त्याला, गावाच्या टोकाशी असलेल्या त्या कौलारू घरापुढे मी बॅग घेऊन उभी राहिले. फाटकाशी खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कोणत्या शाळेवर मास्तरीण म्हणून आलात तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "कोनत्या गाडीनं आल्या, बाई?"

"चंद्रपूरच्या."

"सकाळच्या का दुपारच्या?"

"सकाळच्या. पण ती उशिरा सुटली."

"गाडी उशिरा नाई सुटत. तिले डायवर उशिरा भेटते. गाडीले नाव नोका ठेवू." एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी खोलीचं कुलूप काढलं.

दुपारच्या गाडीने आले असते तर काय झालं असतं, हे मी पुढे एकदा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "दुपारची गाडी पाहून निंगनारा मानूस सकाळी उठत नाई. तसा किरायादार मले नाई पायजे."

सगळी नोकरी त्यांनी बस स्थानकाच्या खिडकीमागे वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. कोणती गाडी कधी सोडायची, कोणत्या ड्रायव्हरला कुठे पाठवायचं, वाटेत एखादी बंद पडली तर तिच्या जागी दुसरी कुठून आणायची, हे ठरवणं त्यांचं काम. त्यामुळे सारं गाव त्यांना कंट्रोलरभाऊ म्हणे. खरं नाव विजेच्या बिलावर सापडेल म्हणून मी एकदा पाहिलं, तर बिल त्यांच्या वारलेल्या बायकोच्या नावाने येत होतं. मग मीही कंट्रोलरभाऊच म्हणू लागले.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सोडणं सुटलं नव्हतं. कुकर चुलीवर चढवला की ते म्हणत, "भात सोडला." धुतलेली बंडी दोरीवर टाकली की "कपडे सोडले." सकाळी मी शाळेला निघाले की समोरच्या टेलर चाचांना ओरडून सांगत, "बाईले सोडलं." हे सांगताना त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर जाई आणि हलकेच पुढे येई. मला पहिले काही दिवस या सगळ्याचा राग यायचा. आपण कोणाच्या हाताने सुटणारी गाडी नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलंही. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "मंग आतापर्यंत कोनी सोडलं तुमाले?" मी चिडून बसमध्ये चढले.

गंमत म्हणजे ते स्वतः बसमध्ये कधी बसत नसत. नातेवाइकांकडे जायचं तर कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बसलो का मले समोरचा रस्ता दिसत नाई, डायवरच्या चुका दिसते. मंग बीपी वाढते."

घरात घड्याळ नव्हतं. म्हणजे होतं, निरोपसमारंभात मिळालेलं, पण ते त्यांनी कपाटात उपडं घालून ठेवलं होतं. त्यांना त्या भेटीचा अपमान वाटला होता. "इतके साल नोकरी केली आन् शेवटी मले घड्याळ देल्लं. जनू मी घड्याळ पाहूनच गाड्या सोडत होतो." मग काय पाहून सोडत होतात, असं मी विचारलं. "गाडी भरली, डायवर आला, कंडक्टर आला, का सोडाची." आलापल्लीच्या गाड्या कधी वेळेवर का नसत हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांचा दिवस घरासमोरून जाणाऱ्या गाड्यांना बांधलेला होता. पहाटेची पहिली गाडी गेली की आंघोळ. अहेरीची दुपारची गाडी आली की जेवण. संध्याकाळी मुक्कामी गाडी आली की देवापुढे दिवा. गाडीला उशीर झाला तर जेवणालाही उशीर. "भूक लागली नाही का?" म्हणून मी एकदा ताट वाढून नेलं, तर त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. "गाडी लेट हाये, बाई. भूक कशी टाइमावर येईन?"

या सगळ्यात महत्त्वाची होती ती सकाळची मुलचेऱ्याची गाडी. मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या वस्त्यांमधल्या शाळांवर जाणारे आम्ही सगळे मास्तर-मास्तरणी तिनेच जायचो, म्हणून तिला शाळेची गाडी म्हणत. ही गाडी दिसली की भाऊंनी ब्लडप्रेशरची गोळी घ्यायची, असा नेम होता. डाव्या तळहातावर गोळी, उजव्या हातात स्टीलचा ग्लास, असे ते फाटकाशी उभे राहत. वळणावर गाडीचं तोंड दिसलं की गोळी तोंडात, वरून पाणी, आणि मग रिकाम्या ग्लासासकट हात वर. मी तोवर गाडीत चढलेली असे. हात पुढे आल्याशिवाय ड्रायव्हर गिअर टाकत नसे. गाडीतल्या कोणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं. नवीन प्रवाशाने "काऊन थांबली?" विचारलं तर कंडक्टर सांगे, "कंट्रोलरभाऊची गोळी होऊन राह्यली."

हा नेम त्यांच्या बायकोने लावून दिला होता. त्यांना बीपी निघालं तेव्हा गोळीची आठवणच राहीना. त्या वैतागल्या आणि म्हणाल्या, तुमाले घड्याळ समजत नाई, मुलचेऱ्याची गाडी दिसली का गोळी घ्याची. त्या स्वतः ग्लास घेऊन फाटकाशी उभ्या राहायच्या. त्या गेल्यावर ग्लास भाऊंच्या हातात आला. बायकोविषयी ते फार बोलत नसत, पण हे सांगताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "तिनं एकच टाइमटेबल बनवलं, पन पक्कं बनवलं," असं म्हणायचे.

मिठाच्या बाबतीत मात्र ते कोणाचं ऐकत नसत असं नाही, उलट फार ऐकत. चंद्रपूरला असलेल्या त्यांच्या एकुलत्या मुलीने मीठ कमी करायला सांगितलं, तेव्हापासून त्यांनी मिठाला विनातिकीट प्रवासी ठरवलं होतं. एखाददुसरा चालतो, पण गाडी फुकट्यांनीच भरली तर धंदा बुडतो. माझ्या डब्यातली भाजी ते चिमटीने चाखून पाहत आणि तोंड वाकडं करत. "बाई, इच्यात फुकटे लय चढले." मी वर्ध्याची, आमच्याकडे भाजी चवीने खातात. मी डबा झाकून घेई. पण हळूहळू माझ्याही हातचं मीठ कमी झालं, ही गोष्ट मी त्यांना कधी कळू दिली नाही.

पावसाळ्यात मुलचेऱ्याच्या वाटेवरचा नाला पुलावरून वाहू लागला की शाळेची गाडी बंद पडते. त्या वर्षी तो जुलैपासूनच वाहायला लागला. हेडमास्तरांनी आम्हाला वस्तीतच राहायला सांगितलं, म्हणून मी एका बंगाली कुटुंबाच्या घरी राहिले. भात आणि मासळी खाऊन खाऊन मी चांगली गुबगुबीत झाले. पाणी उतरलं की एखादा दिवस आलापल्लीला यायचं, पुन्हा पाऊस धरला की तिकडेच अडकायचं, असं चाललं होतं.

अशाच एका फेरीत भाऊ मोठ्या अभिमानाने म्हणाले, "बाई, आता दोन सोडाच्या आहेत. मले स्पेशल लागली." सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा त्यांचं बीपी फार वाढलेलं निघालं होतं. गोळ्या नियमित घेता ना, असं त्यांनी विचारलं. एकही चुकवली नाही, असं भाऊंनी छातीला हात लावून सांगितलं. मग त्यांनी जुन्या गोळीबरोबर आणखी एक जोराची गोळी दिली.

पाऊस ओसरला. गाडी रोज सुरू झाली. भाऊ तळहातावर दोन गोळ्या घेऊन फाटकाशी उभे राहू लागले. मला ते त्या दिवसांत जरा मंद वाटत. खुर्चीतून उठताना खुर्चीचा हात धरून थांबत. आणि एका सकाळी, गोळ्या घेऊन झाल्या, हात वर गेला, आणि पुढे येण्याऐवजी भाऊच खाली बसले. बसले म्हणजे कोसळलेच. ग्लास गडगडत रस्त्यावर गेला. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून उडी मारून उतरला. टेलर चाचा गळ्यात टेप तसाच घेऊन पळत आले. मीही गाडीतून उतरले. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना उचललं आणि गाडीतल्या पहिल्याच सीटवर निजवलं. ड्रायव्हरने गाडी दवाखान्याकडे वळवली.

भाऊंचे डोळे मिटलेले होते. गाडी वळल्याचं त्यांना बहुधा पोटातून कळलं. ओठ हलले म्हणून मी वाकून कान लावला. "मुलचेऱ्याची गाडी," ते पुटपुटले, "मांघं नाई फिरवत."

माणूस शुद्धीवर आहे हे कळून मला इतका आनंद झाला की मी त्यांना तिथेच रागावले.

दुपारपर्यंत चंद्रपूरहून त्यांची मुलगी आली. ती एका कार्यालयात नोकरीला होती. कामाची, नीटनेटकी बाई. भाऊंना सलाईन लावलं होतं आणि ते आता हुशारीत आले होते. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार विचारात पडलेल्या दिसत होत्या. बीपी एकदम खाली गेलं होतं. पावसाळ्यात इतकं वर, आणि आता इतकं खाली, हे कसं, ते त्यांना लागेना.

"काका, खरं सांगा. पावसाळ्यात गोळी रोज घेतली होती?"

"रोज म्हंजे, गाडी आली तवा घेतली."

"आणि गाडी नाही आली तेव्हा?"

भाऊंनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "गाडी नाई आली त गोळी कशी घेनार, डॉक्टरीणबाई?"

"पण मला तुम्ही म्हणालात, एकही चुकवली नाही."

"नाईच चुकवली. रद्द झालेली फेरी चुकली म्हनून धरत नाईत."

पावसाळाभर हा माणूस जवळजवळ गोळीशिवाय होता. मग बीपी वाढलं म्हणून जोराची गोळी लागली, आणि गाडी सुरू झाल्यावर दोन्ही गोळ्या रोज पोटात जाऊ लागल्या. मुलीने कपाळाला हात लावला. मला हसू येत होतं आणि हसण्यासारखं काही नाही हेही कळत होतं, म्हणून मी खिडकीबाहेर पाहत उभी राहिले.

डॉक्टरीणबाईंनी दुसरी गोळी बंद केली. मग खुर्ची ओढून भाऊंच्या जवळ बसल्या. "काका, समजा परवा नागपूरला लग्न आहे. दुपारपर्यंत पोचायचंय. काय काय कराल, ते एकामागून एक सांगा."

भाऊ उशीला टेकून सरळ झाले. त्यांचा चेहराच उजळला. "पयले पाहाचं, सकाळची चंद्रपूर गाडी कोनता डायवर नेऊन राह्यला. टायरं पाहून घ्याचे. आष्टीले तो चहाले थांबन, तेवढा टाइम पकडून चालाचं. चंद्रपूरले नागपूरची गाडी कोनत्या फलाटावर लागते ते फोन करून इचाराचं. ते भरून आली असन त मांघची कोनती हाये ते पाहून ठेवाचं. कंडक्टरले सुटे देऊन ठेवाचे." बोलता बोलता त्यांनी सलाईन लावलेला हात वर केला, तो मुलीने खाली धरला.

"फार छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण यात तुम्ही घरातून कधी निघालात? कपडे कोणते घेतले? गोळ्या कुठे ठेवल्या?"

भाऊ गोंधळले. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "मी?" ते म्हणाले. "मी त खिडकीतच हाओ ना."

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. विसरणं वेगळं आणि हे वेगळं. काकांना सगळं आठवतं. पण आधी काय, मग काय, आणि ठरवलेलं झालंच नाही तर काय, हे मांडून देणारा मेंदूचा भाग वयाने थकत जातो. बीपी वाढलेलं राहिलं तर तो आणखी थकतो. तो थकला की गोळ्या चुकतात, गोळ्या चुकल्या की बीपी वाढतं. "एकटं राहायचं तर गाडी आली नाही तर काय करायचं, हे त्यांना स्वतःला सुचायला हवं," असं त्या म्हणाल्या.

मुलीने तिथल्या तिथे ठरवलं. बाबांना चंद्रपूरला न्यायचं. घरी आल्यावर तिने ते भाऊंना सांगितलं. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्याच्या खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसत होती.

"तिथी मी कोनाले सोडू?" त्यांनी विचारलं.

"कोनाले सोडू नोका. आराम करा."

"आराम करून मानूस मरते, माय."

"आन् इथी गोळी नाई घेतली त काय होते?" मुलीचा आवाज चढला आणि मग एकदम फुटला. "मले रोज सकाळी वाटते, आज फोन येईन. शेजारचा कोनी बोलन का बाबा गेले. कशी राहू मी?"

ती खरं बोलत होती. मला तिचं पटत होतं आणि भाऊंचं तर फारच पटत होतं. शेवटी असं ठरलं की दिवाळीपर्यंत पाहायचं. दिवाळीला ती येईल. तोवर गोळीचं काही जमलं नाही, तर भाऊंनी मुकाट्याने तिच्याबरोबर जायचं. भाऊंनी मान हलवली. त्यांचा पडलेला चेहरा मला बघवेना.

मुलगी आठवडाभर राहिली. त्यातल्याच एका सकाळी शाळेची गाडी स्थानकावरच बिघडली आणि आलीच नाही. भाऊ तळहातावर गोळी घेऊन फाटकाशी उभे. मी शाळेची पिशवी खांद्याला लावून ओट्यावर. मुलगी स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिने मला खुणेने आत बोलावलं. "बोलू नोका, बाई," ती हळूच म्हणाली. "पाहू द्या मले." चहा उकळून गार झाला. रस्त्यावरून सायकली गेल्या, बकऱ्या गेल्या, सागवानाचे लठ्ठे लादलेला एक ट्रक गेला. भाऊ उभेच. ट्रक पाहून त्यांचा ग्लासाचा हात किंचित हलला, पण ट्रक म्हणजे गाडी नव्हे. मुलीचे डोळे भरून आले. तिने डोळे पुसले, आणि मला वाटलं, संपलं आता.

तेवढ्यात ते वळले आणि सावकाश स्वयंपाकघरात आले. गोळी हातात तशीच होती.

"तुही आई," त्यांनी मुलीला विचारलं, "गाडी नाई आली त काय करे वं?"

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. "गोळी देऊन टाके."

"गाडी नसतानी?"

"हाव. पावसाळाभर. तुमी पडवीत पेपर वाचत बसून राहत होते, आन् आई ग्लास आनून देये. तुमी पाहतबी नव्हते. गिळून घेत होते."

भाऊंना हे नवीन होतं. इतक्या वर्षांचा संसार, आणि हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "मले वाटे, ते गाडी पाहूनच उठते," ते म्हणाले.

"आई गाडी नव्हती पाहत, बाबा. तुमाले पाहे."

भाऊंनी गोळी तोंडात टाकली आणि पाणी न घेताच गिळली. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली, तर म्हणाले, "राहू दे." त्या दिवशी ते अहेरीची गाडी येण्याआधीच जेवले. मी शाळेची पिशवी उगाच उघडून बंद करत बसले होते.

पण मुलगी कच्ची नव्हती. "आज मी इथी होती म्हनून इचारलं," असं जाताना ती मला म्हणाली. "उद्या कोनाले इचारतीन?"

उद्याचं उत्तर उद्याच मिळालं. शाळेची गाडी आली, मी चढले, आणि पाहते तर भाऊ फाटकाशी नाहीत. गोळी आणि ग्लास घेऊन रस्ता ओलांडून ते टेलर चाचांच्या दुकानात शिरत होते. टेलर चाचांनाही बीपी होतं. त्यांच्या गोळ्या शिलाई मशीनच्या खणात, बटणं आणि हुकांबरोबर पडलेल्या असत. डोकं जड झालं की एखादी शोधून खायची, अशी त्यांची रीत.

संध्याकाळी भाऊंनी मला समजावून सांगितलं. "डॉक्टरीणबाई बरोबर बोलली. मले मी दिसत नाई, बाई. दुसरा दिसते. मंग म्या इचार केला, चाचाची गोळी मी सोडतो. तो माही सोडन. दुकान त रोजच उघडते, गाडी येवो का नाई येवो."

"आणि चाचा कुठे बाहेरगावी गेले तर?" मी मुद्दामच विचारलं.

ते विचार करू लागले. हा विचार सोपा नव्हता, हे मला दिसत होतं. कपाळावर आठ्या पडल्या, बोटं गुडघ्यावर हलत राहिली, मध्येच रस्त्याकडे पाहून ते थांबले, पुन्हा सुरू झाले. मी मदत केली नाही. माझा स्वभाव मदत करण्याचा नाहीच, पण त्या दिवशी मी फार मोठ्या कष्टाने गप्प बसले. "चाचा नसला त तुमी," ते अखेर म्हणाले. "तुमी नसल्या त चाचीबाई. कोनीच नसलं त पोरीले फोन."

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या टेबलावर हात आपटून हसल्या. त्यांनी भाऊंना पुन्हा तोंडीच नागपूरच्या लग्नाला पाठवून पाहिलं. या वेळी भाऊंनी सुरुवातीलाच आंघोळ केली, गोळ्या शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि घराला कुलूप घातलं. कपडे पुन्हा राहिले, पण माणूस निघाला.

चाचांना मात्र हे प्रकरण फार जाचक झालं. "बाई, मेरे को समजाओ इसको," ते माझ्याकडे तक्रार करत. "गिऱ्हाइकासमोर बोलते, चाचा तोंड उघडा, गोळी गेली का पाहू द्या. मैं क्या फुकट में बैठा पॅसेंजर हूँ?" मग त्यांनीही उट्टं काढायला सुरुवात केली. रोज गोळीनंतर ते भाऊंच्या पोटाला टेप लावत आणि नाक्यापर्यंत चालून आल्याशिवाय खुर्ची देत नसत.

आता माझी बदली झाली आहे. नव्या गावात मला कोणी सोडत नाही. मी आपली मुकाट्याने निघते आणि ते मला आवडत नाही. पण त्या दिवाळीला मी अजून आलापल्लीतच होते. शाळेला सुट्टी लागली की शाळेची गाडी बंद, आणि मीही वर्ध्याला जायला निघालेली. म्हणजे गाडी नाही आणि बाईही नाही. मुलीने नेमका तोच दिवस धरला. न सांगता पहाटेच्या गाडीने आली. माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात चाकं असलेली एक मोठी नवी बॅग होती, आणि ती ज्या सहजपणे तिने उंबऱ्यावरून उचलून घेतली त्यावरून ती रिकामी आहे हे कळत होतं. कशासाठी आणली, ते मी विचारलं नाही.

"बाबा कुठी?" तिने विचारलं. फाटकाशी कोणी नव्हतं. खुर्ची रिकामी होती.

मी रस्त्यापलीकडे बोट केलं. चाचांच्या दुकानाची फळी उघडी होती. मशीन बंद होतं. मशीनच्या दोन बाजूंना दोन म्हातारे समोरासमोर बसले होते, दोघांच्या हातात ग्लास, दोघांच्या तळहातावर गोळी.

"पयले तुमी," चाचा म्हणत होते.

"नाई, पयले तुमी."

"काल मी पयले घेतली, कंट्रोलरभाऊ."

"काल तुमी जिभीखाली ठेवली होती. म्या पाह्यलं."

"अल्ला की कसम, गिळली होती."

शेवटी दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून एकदमच गोळ्या टाकल्या आणि एकदमच पाणी प्यायले. चाचांनी आ केला. भाऊंनीही केला. दोघांनी वाकून एकमेकांच्या तोंडात नीट पाहिलं. मुलगी फाटकाला धरून उभी होती. तिने इतका मोठा श्वास सोडला की तो मला ऐकू आला.

मग भाऊंचं लक्ष गेलं. लगबगीने रस्ता ओलांडून ते आले आणि आधी मुलीचा चेहरा, मग ती नवी कोरी बॅग पाहू लागले. त्यांनी बॅग उचलली. ती हातात हलकीच वर आली. त्यांचा हात तसाच थांबला, आणि चेहऱ्यावरचं हसू सावकाश मावळायला लागलं.

"खाली बॅग काऊन आनली वं, माय?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

"तांदूळ न्याले," ती म्हणाली. "बांधीतले नवे तांदूळ निंगाले, असं बोलत होते ना तुमी फोनवर?"

भाऊंना इतका आनंद झाला की ते चप्पल घालूनच घरात शिरले. कुरखेड्याकडच्या त्यांच्या बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, तांदळाचं पोतं आदल्याच दिवशी आलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने सोडलं आणि मापट्याने नव्हे, सुपाने भरायला सुरुवात केली. बॅग भरली, कोपरे भरले, वरचे कप्पे भरले. चेन लागेना म्हणून मी बॅगेवर गुडघा टेकला. मग आम्ही तिघांनी मिळून ती उचलायचा प्रयत्न केला, तर ती जागची हलली नाही. मुलगी त्या बॅगेवरच बसली आणि हसता हसता रडायला लागली.

"जड झाली काय?" भाऊ घाबरून म्हणाले. "थोडे काढू?"

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "सगळे पायजे मले."